दाराखालचा पत्रा

रंगाऱ्याच्या खिशात एक चुंबक असे, बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला. रंगायला आलेल्या गाडीच्या अंगावरून तो आधी हा चुंबक फिरवी. चिकटला तर खाली पत्रा, घसरला तर भोकं बुजवायची पुट्टी. मालक काय काय लपवतोय, हे त्याने तोंड उघडण्याआधीच कळायचं.

त्या शनिवारी शेडमध्ये उभी होती ती त्याच्या भावोजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, शाळेची व्हॅन. मुलं ने-आण करण्यात भावोजींचा जन्म गेला होता. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि या वयात कुणी शिकवायलाही बसलं नव्हतं. सोमवारी शाळेत गाड्यांची तपासणी होती. "खरवडून नीट रंगवून आणा, नाहीतर आम्ही दुसरा बघतो," असं शाळेच्या मोठ्या बाईंनी तोंडावर सुनावलं होतं. म्हणून भावोजी आले. एरवी मेले असते, पण आले नसते.

कारण लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात ते बोलून गेले होते, "रंगकाम ते काय, नुसता हात फिरवायचा!" रंगाऱ्याने ते हसत हसत जमा करून घेतलं आणि कधीही वजा केलं नाही. तेव्हापासून मेहुण्याचं तोंड बघायला नको म्हणून भावोजी गाडी स्वतःच रंगवत. दर सुट्टीत गंज दिसेल तिथे पुट्टी, वरून पिवळा हात. गाडी अशी लखलखायची, की सासुरवाडीला त्यांचं नाव 'चकचकीत' पडलं. त्यांना ते कौतुक वाटे.

रंगाऱ्याने मागच्या चाकावरच्या पत्र्याला चुंबक लावला. पडला. दारावर लावला. पडला.

"तुझा चुंबक जमिनीलाच चिकटतोय की!" भावोजी म्हणाले.

"तिथे लोखंड असेल."

मग घासायचं मशीन सुरू झालं. पिवळ्याखाली राखाडी पुट्टी, तिच्याखाली पुन्हा पिवळा, पुन्हा पुट्टी. भावोजींच्या सगळ्या सुट्ट्या भुगा होऊन त्यांच्याच भुवयांवर बसत होत्या.

रंगाऱ्याने मशीन थांबवलं. "गंज काढून पुट्टी भरायचात, की तशीच?"

"काढायला गेलं की भोक पडायचं रे. मग काढायचंच सोडलं."

दाराखालच्या पायरीवर त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला. जोर द्यावाच लागला नाही. तो मुठीपर्यंत आत गेला आणि खालून लालसर भुकटी सांडली.

"मुलं इथेच पाय देऊन चढतात ना?"

"हलकी असतात," भावोजी म्हणाले. मग घाईने तेच पुढे म्हणाले,

"वेल्डिंगवाल्याला बोलाव. नवा पत्रा जोडू."

"जोडू कशाला? नवा धरून ठेवायला जुना तरी हवा."

"मग वरून हात मार. एवढी तपासणी जाऊ दे. तुझ्या ताईसाठी मागतोय."

भावोजींनी आपल्यापुढे हात पसरावेत, हे रंगाऱ्याने वर्षानुवर्षं मनात रंगवलं होतं. आज ते वसूल झालं, आणि त्याचं काय करायचं ते त्याला कळेना.

"ताईला मध्ये आणू नका," तो म्हणाला. "मी रंग दिला तर गाडी पास होईल. तीच तर भीती आहे."

भावोजींनी चुंबक उचलला. दार, पाठ, बाजू, खिडकीखाली. लावत गेले, झेलत गेले. शेवटी पायाखाली डबा घेऊन हात वर केला. टक्कन आवाज झाला.

"बघ! छप्पर शाबूत आहे!"

"मग मुलं वर बसवा." टोमणा सवयीने गेला. दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

भावोजी डब्यावरून उतरले. पुट्टी काढली, ती घट्ट करणारा हार्डनर घातला, सफाईदार हाताने पाटीवर कालवली आणि पट्टीने पायरीच्या भोकात भरली. ती आरपार जाऊन फरशीवर पडली. पुन्हा भरली. पुन्हा पडली. रंगाऱ्याने त्यांना अडवलं नाही.

फोन वाजला. ताई होती. "काय रे, तोच पिवळा देतोयस ना? यांना दुसरा आवडायचा नाही."

"अजून घासतोच आहोत, ताई."

"एवढं काय घासताय? काही राहील का खाली?"

त्याने भावोजींकडे पाहिलं. भावोजींच्या हातातल्या पाटीवर पुट्टी आता दगड झाली होती. ते तरीही पट्टीने ती खरवडत होते.