ड्रायव्हरचे पाय

व्हर्लिन स्ट्राउडने तो खेळण्यातला पिवळा डंपर पलीकडच्या रस्त्यावर, एका घराच्या अंगणात विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून उचलला. कुणा पोराने वाळूत लोळवून त्याचा रंग विटवला होता, एक आरसाही मोडला होता. पण खेळणं अंगाने भक्कम होतं, आणि फूटभर उंचीच्या खेळण्यातल्या सैनिकांना शोभेल एवढं मोठं. काखोटीला मारून घरी आणता आणताच व्हर्लिनला त्यात लष्करी ट्रक दिसायला लागला. मागे ताडपत्री, दारावर पांढरा तारा, आणि आत ड्रायव्हर.

घोडं अडलं ते ड्रायव्हरपाशी.

दर वसंतात गावच्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये व्हर्लिनच्या हौशी मंडळाचं प्रदर्शन भरायचं. खेळण्यातल्या गाड्या कापून, जोडून, रंगवून माणसं तिथे लष्करच्या लष्कर उभं करायची. नियम एकच कडक होता. ड्रायव्हर जागेवर बसलेला हवा आणि दार नीट लागलं पाहिजे. आता खेळण्याची केबिन ती केवढी! सैनिक आत बसवला की त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या वर यायचे. म्हणून सगळेच एक तोड काढत. सैनिकाचे पाय गुडघ्यातून करवतीने उडवायचे. दार लावल्यावर बघतंय कोण?

हार्लन प्रुइट या कामातला वस्ताद. पहिल्या नंबरची निळी फीत बहुतेक त्याच्याच जीपला लागायची. त्याच्याकडे कॉफीचा एक मोठा डबा होता, बुटांसकट कापलेल्या पायांनी भरलेला. तोच डबा खुळखुळवत तो व्हर्लिनच्या गॅरेजात आला, आणि लेका, कसला खल करत बसलायस, दोन मिनिटांचं काम आहे, म्हणाला.

"याचे पाय कापायचे नाहीत," व्हर्लिन म्हणाला.

हार्लनच्या हातातला डबा गप्प झाला. व्हर्लिनचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तरुणपणी तो सैन्यात रसदीचा ट्रक चालवायचा. तो ट्रक घाटात उलटला आणि पाय केबिनमध्येच राहिला. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लाकडी पायाची इतकी सवय झाली होती, की कुणाच्या ध्यानात राहत नसे.

"मला तसं नव्हतं म्हणायचं," हार्लन पुटपुटला.

"माहीत आहे. कॉफी घे."

व्हर्लिनने आधी केबिनचा तळ कापला. सैनिकाचे पाय खाली सोडले, तर ते पुढच्या चाकांच्या दांड्यावर टेकले. तळ पुन्हा बसवला. मग आसन कानशीने घासून घासून पापडासारखं पातळ केलं. गुडघे थोडे उतरले, पण दार काही लागेना. बायको ओनेटा म्हणाली, त्या बिचाऱ्याला एकदा विचार तरी, त्याला इतकं अवघडून बसायचंय का. फटी बुजवायच्या लांबीची पूड घरभर उडाली होती. ती पडून मक्याच्या पावाची चव बदलली म्हणालास तर याद राख, असंही तिने बजावलं.

तो हसला, पण हातातली कानस ठेवली नाही.

"गाडी रस्त्यात बंद पडली, तर उतरणार कोण?" तो म्हणाला. "मला उतरता आलं नव्हतं."

ओनेटा आत जाऊन जुनी कॅनव्हासची पिशवी घेऊन आली आणि ताडपत्री शिवायला बसली.

ताडपत्रीखाली मागचा हौदा झाकलाच जाणार, हे बघून त्याला वाट सापडली. त्याने केबिनची मागची भिंत खिडकीखालून कापून काढली, आसन मागे थेट हौद्यात सरकवलं आणि त्याच्या पाठीशी नवी भिंत उभी केली. सांधे लांबीने भरले, पॉलिश पेपरने घासले, हिरवा रंग मारला. ड्रायव्हर बसला. बूट पेडलवर टेकले. दार खट्ट करून लागलं.

हार्लनने ट्रक फिरवून बघितला आणि खरं तेच सांगितलं. हौदा तोकडा झालाय, परीक्षक खऱ्या ट्रकच्या फोटोशी ताडून बघतात, फीत गेली म्हणून समज.

"हौदा तोकडा चालेल," व्हर्लिन म्हणाला. "ड्रायव्हर नाही चालणार."

झालंही तसंच. प्रदर्शनात परीक्षक बाईंनी टेप लावली, फोटो बघितला आणि हळहळत पुढे गेल्या. निळी फीत हार्लनच्या जीपला लागली.

व्हर्लिनने टाळ्या वाजवल्या. मग ट्रकचं दार उघडलं, ड्रायव्हरला बाहेर काढलं आणि पुढच्या चाकाशी उभं केलं, एक हात बॉनेटवर ठेवून. येणारी जाणारी माणसं थबकायला लागली. एक म्हातारी हार्लनला म्हणाली, तुमच्या जीपवाल्यालाही जरा खाली उतरवा की.

"तो ड्युटीवर आहे," हार्लन म्हणाला आणि जीपचं दार तळव्याने दाबून धरलं. माणसं हसली. तो नाही हसला.

जेवणाच्या वेळी तो राजम्याच्या रश्श्याचा वाडगा घेऊन व्हर्लिनशेजारी येऊन बसला. फीत त्याने खिशात कोंबली होती. ट्रककडे बघत त्याने विचारलं, भिंत नेमकी कुठून कापलीस. खिडकीखालून, व्हर्लिनने सांगितलं. आणखी चार घास झाल्यावर हार्लनने हळूच विचारलं,

"डब्यातले ते पाय परत चिकटतील का रे?"

व्हर्लिनने पाव मोडून रश्श्यात बुडवला.

"चिकटतील. आधी डावे उजवे वेगळे कर."