घोडी एकटीच परतली

दुपारी घोडी एकटीच परत आली. पाठीवर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही, अंगावर घामाचं मीठ वाळलेलं. झिल्फा हॅचला ती घळीच्या तोंडाशी दिसली आणि तिने नवऱ्याला हाक मारली.

त्या घळीतलं घोड्यांचं कुंपण बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. बँका लुटून पळणारे तिथे दमलेले घोडे सोडत आणि ताजे घेऊन वाळवंटात पुढे जात. झिल्फा आणि तिचा नवरा ईनस तरुणपणापासून त्या घोड्यांचं दाणापाणी करत आले होते. नियम एकच होता: इथून नेलेलं घोडं पुढच्या मुक्कामावर बांधून ठेवायचं. मोकळं सोडलं की ते दाण्याच्या ओढीनं इथेच येणार, आणि शेरीफची माणसं त्याच्या मागोमाग. पण हिला घेऊन गेलेला लुटारू मॅडॉक्स पडला घाईचा माणूस. पुढे त्याला दुसरं घोडं मिळालं आणि त्याने हिला दिलं सोडून. तो सुटला, निस्तरायला मात्र दोन म्हातारी माणसं मागे राहिली.

ईनस बंदूक घेऊन आला. हाकललं तर ती पुन्हा येणारच, तेव्हा तिला पलीकडच्या कोरड्या ओढ्यात नेऊन मारून टाकू, म्हणजे माग तिथेच संपेल, असं त्याचं म्हणणं. बोलताना तो घोडीकडे बघत नव्हता. हिची आई विताना मेली तेव्हा झिल्फाने दुधात चिंध्या बुडवून हिला जगवलं होतं, आणि त्या चिंध्या त्यानेच फाडून दिल्या होत्या.

"बाजूला हो गं," तो म्हणाला. "दोघांनाही तुरुंगात टाकतील."

"टाकू देत. तिथे पहाटे उठून चोरांच्या घोड्यांना गवत तर घालावं लागणार नाही."

"म्हातारपणी बरी अवदसा आठवली तुला."

"अहो, मी दमले. तुम्हीही दमलात, फक्त कबूल करत नाही."

तिने फाटक उघडलं. घोडी आत शिरली ती थेट पाण्याच्या डोणीवर.

लांब पठारावर धूळ दिसू लागली होती. ईनसने ती बराच वेळ पाहिली. मग बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली आणि गोणपाट घेऊन घोडीची पाठ पुसायला लागला.

"कॉफी जरा जास्त टाक," तो म्हणाला. "एवढं वाळवंट तुडवून येताहेत बिचारे."