देठाला लावलेली हळद

सुतकाच्या आठव्या दिवशी साधना पुसेगावच्या स्टँडजवळ कादरभाईंच्या एसटीडी बूथवर गेली. मुंबईच्या प्रयोगशाळेचा नंबर लागताच तिने पहिलाच प्रश्न विचारला, "अलमास, तो रद्दचा डबा टाकला का गं?"

प्रयोगशाळेत साधनाच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी ही मैत्रीण एरवी फोन उचलल्याबरोबर बोलायला लागायची.

तो डबा साधनाच्या मायचा होता. पंचफुलाबाईंनी शेवटच्या खेपेला मुंबईला पाठवलेला. त्याच्या झाकणावर साधनाने स्वतःच्या हाताने लाल अक्षरांत लिहिलं होतं : रद्द. टाकून देणे.

साधनाचं संशोधन ताज्या अळंबीवर होतं. अळंबी तोडली की दुसऱ्या दिवशी पिवळी पडते, चौथ्या दिवशी चिकट होते, आणि मग उकिरड्याशिवाय तिला जागा नसते. तोडल्यानंतर लवकर तिला कोबाल्टच्या किरणांचा ठरलेला डोस दिला आणि थंड खोलीत ठेवलं, तर ती दहा-बारा दिवस टिकवता येते का, हे साधना बघत होती. किरणं अळंबीचं नासणं थांबवत नाहीत, फक्त त्याची चाल मंदावते. किती मंदावते हे मोजायचं, तर ती कोणत्या वेळी तोडली हे पक्कं ठाऊक हवं. बाजारातल्या अळंबीचं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून साधनाने बेण्याच्या पिशव्या गावी आणून दिल्या आणि मायने शेळ्यांच्या जुन्या कोठ्यात सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे भुशावर, धिंगरी अळंबी लावली.

मायला घड्याळ कळत नव्हतं. पण ती फोनवर सांगायची, "हिंगोलीची पहिली गाडी गावात शिरली अन् मी इळा लावला," आणि त्यात पाच मिनिटांचाही फरक नसायचा. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या बाटल्या, त्यांवर कोरडं कापड, त्यावर भोकं पाडलेल्या पिशव्यांत अळंबी. कादरभाई तो डबा हिंगोलीला नेऊन मुंबईच्या ट्रॅव्हल्सवर चढवायचे.

डबा पोचला की साधना फोन करायची, आणि मायचा प्रश्न ठरलेला असायचा.

"खाल्ल्या का गं सात्या?" रानात वारुळावर उगवतात त्या सात्या. घरात लावलेल्या धिंगरीलाही ती तेच म्हणायची.

"माय, त्या खायला नसतात. मोजायला असतात."

"मोजून झाल्यावर खाय की मग. हॉस्टेलात काय मिळून राहिलं तुला?"

साधना हसायची आणि हो म्हणायची. एकदाही खाल्ली नव्हती. मोजून झाल्यावर काही उरायचंच नाही.

शेवटच्या खेपेला डबा उघडला तर सगळ्या देठांची टोकं पिवळीधमक. मायने प्रत्येक देठाच्या कापलेल्या तोंडाला ओली हळद लावली होती. शेळीच्या पिल्लाची नाळ कापली की ती तिथे हळद चेपायची. लेकराच्या गुडघ्याला, विळा लागलेल्या बोटाला, खरचटलेल्या म्हशीच्या पाठीलाही. जिथे कापलं तिथे हळद, हे तिच्या हाताला इतकं ठाऊक होतं की त्यासाठी तिला विचार करावा लागत नव्हता. साधनाला मात्र पांढरेपणा मोजायचा होता. यंत्राला पिवळं म्हणजे पिवळं. ते हळदीचं की नासण्याचं, हे त्याला कसं कळावं?

तिने तेव्हाच फोन लावला होता. कादरभाईंनी मायला घरून बोलावून आणलं.

"काय करून ठेवलंस हे? आठवड्याचं काम गेलं माझं. किती वेळा सांगितलं, धुवू नको, काही लावू नको. अडाण्यासारखं..."

तिथेच ती थांबली. पण शब्द गेला होता.

"लई दूर जातेत ना त्या," माय म्हणाली. "कापलेल्या तशाच कशा धाडाव्या, म्हनून लावली. पुढल्या खेपंला न्हाई लावनार."

पुढली खेप झाली नाही. दोन दिवसांनी पहाटे शेळ्यांना पाला टाकता टाकता पंचफुलाबाई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

निरोप मिळाल्यावर साधना मिळेल त्या गाडीने निघाली. पोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. गावाने दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली होती. तिचे वडील मसाजी दारातच बसले होते. तिला पाहून ते उठले आणि आधी तेच बोलले.

"ऊन लई व्हतं बाई. ठेवता आलं न्हाई."

वस्तू टिकवणं हेच जिचं काम, ती म्हणाली, "बराबर केलं, दादा."

त्यानंतरच्या दिवसांत ती कोठ्यात गेली ती एकदाच. पाणी न मिळाल्याने पिशव्या वाळून कडक झाल्या होत्या. एका पिशवीवर अळंबीचे बारीक गोळे उगवू पाहत होते, तेही सुकले होते. आठव्या दिवशी शेजारच्या नर्मदाकाकू दहाव्याच्या नैवेद्याचं बोलायला आल्या. जाता जाता त्या सहज म्हणाल्या, "पंचफुलाच्या हातचं काही असतं घरात, तर बरं झालं असतं." तेव्हा साधनाला तो डबा आठवला, आणि झाकणावरचं स्वतःचं अक्षर.

"अलमास?"

"टाकला नाही," अलमास म्हणाली. "रागावू नकोस. त्या दिवशी चेंबरची आपली पाळी ठरलेली होती, म्हणून तोही किरणांखाली घातला आणि थंड खोलीत ठेवून दिला. हळदीचं काय होतं ते मला बघायचं होतं."

साधनाने रिसीव्हर एका कानाचा दुसऱ्या कानाला लावला.

"आहे कसा?"

"उघडला नाही. वरून तरी बरा दिसतो. पाठवू?"

कादरभाई काउंटरपाशी कान देऊन बसले होते. ते म्हणाले, "बोल तिला, आजच्या गाडीवर चढव, आन बर्फ भरपूर घाल. मधे कुठं अडकला तरी परवा सकाळी हिंगोलीला उतरतोच. मी जाऊन आणतो बेटी. मला बी तिकडं काम है."

त्यांना काही काम नव्हतं, हे साधनाला माहीत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी ओढ्यावर जायला माणसं अंगणात जमली. नैवेद्याचं ताट तयार होतं. साधना फाटकापाशी उभी होती. घरातले वडीलधारे म्हणजे मसाजींचे चुलते उकंडराव. ते दोनदा सूर्याकडे बघून झाले होते.

"डब्यापायी सारा गाव खोळंबून ठेवला. काय सोनं येऊन राहिलं का मुंबईहून?"

"थांबा जरा, काका," मसाजी म्हणाले.

कादरभाईंची लुना आली ती पायी चालल्यासारखी. डबा त्यांनी एका हाताने मांडीवर धरला होता. "पूर्ण रस्ता सरळ धरला," ते उतरता उतरता म्हणाले. "खड्ड्यात बी तिरपा होऊ दिला न्हाई."

साधनाने ओसरीवर बसून झाकण काढलं. आतला बर्फ वितळला होता, बाटल्या अजून थंड होत्या. पहिली पिशवी तिने बोटाने दाबली आणि बाजूला ठेवली. चिकट झाली होती. दुसरीही. तिसऱ्या पिशवीतल्या अळंबीच्या कडा किंचित तपकिरी होत्या, पण आतून घट्ट. चौथीतली पांढरी. तिने एकेक वास घेऊन, देठ वाकवून, हाताच्या सवयीने निवड केली. शेवटी सुपात ओंजळभर धिंगरी राहिली. सगळ्यांच्या देठांवर वाळलेली हळद होती, आणि एकीवर मायचं बोट उमटलेलं होतं.

या एका डब्याने काही सिद्ध होत नव्हतं. हळदीने टिकली, किरणांनी टिकली की थंडीने, हे तिला सांगता आलं नसतं. तिने मोजायला काही आणलंही नव्हतं.

"बारा दिस झाले हिला तोडून?" उकंडरावांनी वाकून पाहिलं. "आन ही अशी? बाँबमधलं किरण मारलं असंल त्याच्यावर. ते भूत घरात कशाला?"

"आजोबा, खिडकीतून ऊन घरात येतं ना," साधना म्हणाली. "सांज झाल्यावर ते काचेत राहतं का?"

"न्हाई."

"तसंच हे. आरपार गेलं. आत काही राहिलं नाही."

"मंग हळद काहून राहिली?"

कुणीतरी हसलं. साधनालाही थोडं हसू आलं, दहा दिवसांत पहिल्यांदा. मग ती वडिलांकडे वळली. "दादा, ताटात हे ठेवू या. तिच्या हातचं आहे. तिला आवडायचं."

मसाजी ओसरीच्या कडेवर बसले. सुपातली एक अळंबी त्यांनी उचलली, देठाकडून पाहिली, परत ठेवली.

"तिला न्हाई आवडायच्या," ते म्हणाले. "कधी तोंडात घातली न्हाई तिनं. म्हनायची, भिजल्या कुत्र्यावानी वास येतो. नाकाला पदर लावून पानी मारायची कोठ्यात."

साधनाने सुपाकडे पाहिलं.

"मग एवढ्या..."

"तुझ्यासाठी. दर खेपंला चार जास्त घालायची. मोजून उरतीन, म्हनायची, पोरगी खाईन." ते उठले. "हे ताटात नको. तिला भाकर आन अंबाडीची भाजी लागायची, ती हाय ताटात. हे तुझं हाय बाई. तुला धाडलं व्हतं."

माणसं ओढ्यावर गेली. परत आल्यावर दादांनी सांगितलं, कावळा लगेच शिवला.

घर सारवून झालं. सुतकाच्या दिवसांत त्यांच्या घरात फोडणी नव्हती, हळद नव्हती. दहा दिवस सगळं पांढरं आणि आळणी. दुपार कलताना नर्मदाकाकूंनी चूल पेटवली, कढईत तेल घातलं, मोहरी टाकली. तडतड ऐकून मसाजी आत डोकावले आणि पुन्हा ओसरीवर जाऊन बसले.

साधना अळंबी फाडत होती. देठाचं टोक कापून टाकायची रीत तिला ठाऊक होती. तिने ती टोकं तशीच ठेवली. बोट उमटलेली अळंबी मात्र तिने हळूच डब्यात, बाटलीच्या शेजारी ठेवली.

"ती काहून बाजूला?" नर्मदाकाकूंनी विचारलं.

"मुंबईला नेते. थंड खोलीत ठेवली, तर अजून चार दिवस..."

"आन मंग?"

चार दिवसांनंतर काय होतं, ते साधनाइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिने ती अळंबी उचलली, फाडली, कढईत टाकली.

काकूंनी हळदीचा डबा पुढे ओढला.

"ती नको घालू, काकू. आहे त्यात."

भाजी वाटीभरच झाली. काकूंनी सगळी तिच्याच वाटीत वाढली. मसाजी समोर पाटावर बसले, आपली भाकर मोडायची सोडून तिच्या हाताकडे बघत. साधनाने पहिला घास घेतला. मग दुसरा. देठ जरा चिवट होते, चावायला वेळ लागत होता.

"कशी झाली?" दादांनी विचारलं.

"हळद जास्त झाली."

"मग?" मसाजी म्हणाले आणि त्यांनी भाकर मोडली. "तिचा हातच तसा व्हता."

साधनाने मान हलवली आणि वाटी पुसून खाल्ली.