तीन बैठका

“दादा, तू अजून घरीच? दांडी मारलीस की काय आज?” फोनवर आत्या विचारत होती, आणि ‘हॅलो’ म्हणून फोन हातात धरून उभी होती ती त्याची तेरा वर्षांची लेक.

तो गालाला साबण फासून आरशापुढे उभा होता. फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळे त्याला सगळं ऐकू आलं. लेक म्हणाली, “आत्या, मी आहे गं.” पलीकडून आत्याचं भाबडं, मोकळं हसू. “अगंबाई, तू होय! अगदी बापाचा आवाज उचललायस की!”

लेकीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. इतक्या हलकेच, की जणू कुणी नुकतं झोपलंय. मग आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या सकाळपासून तिच्या तोंडून शब्द नाही. काही हवं असलं तर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून आईपुढे सरकवायची. आज त्याला अकरा दिवस झाले होते.

घरात तिला सगळे पिल्लू म्हणत. पाळण्यातलं नाव. पिल्लू मुलगा की मुलगी, हा प्रश्न त्या नावाला कधी पडलाच नाही. दाखल्यावर मात्र मुलगा असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्यांनी दिसलं ते लिहिलं. बोलायला लागल्यापासून पिल्लू सांगत आली होती की मी मुलगी आहे. आधी हट्टानं, मग रडून, मग अगदी शांतपणे, वाट चुकलेल्याला आपण रस्ता सांगतो तसं. आईनं ते आधी ऐकलं. बापानं उशिरा ऐकलं, पण ऐकलं. निदान मान तरी डोलावली.

आणि पिल्लू गायची. शिकलेलं वगैरे काही नाही. आपलं मनाला येईल ते जुळवायचं आणि न्हाणीघरात पाण्याच्या धारेखाली म्हणत बसायचं. केस वाढायला लागले तेव्हा तिनं केलेलं एक तर घरभर झालं होतं:

*केसांत माझ्या वारा गं,
वेणीत मावेना सारा गं.*

आई स्वयंपाक करताना तेच गुणगुणायची. तोसुद्धा कधी कधी, खिडकीवर बसल्या बसल्या.

कारण त्याचं आयुष्य खिडकीवरचं. मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावरची खिडकी नंबर चार. एकोणीस वर्षं. ज्या उपचारांना समितीची मंजुरी लागते, त्यांचे अर्ज या खिडकीवर यायचे. अर्ज घ्यायचा, कागद क्रमानं लावायचे, टाचणी मारायची, आवक शिक्का उठवायचा. दर दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी समिती बसायची. आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत फायलींचा गठ्ठा फितीनं बांधायचा आणि शिपाईकाम करणाऱ्या मावशींच्या हाती द्यायचा. मावशी तो तिसऱ्या मजल्यावर नेऊन पोचवायच्या. बारा वाजून एक मिनिटानं आलेली फाइल दोन महिने खाली राहायची. त्याच्या टाचणीखालून एक कागद कधी सुटला नाही. बाजूच्या खिडकीवरची बाई म्हणायची, “टाचणीभाऊ, जपून हो, एखाद्या दिवशी पेशंटलाच टाचाल!”

समुपदेशक बाईंकडे दीड वर्ष खेटे घातल्यावर पिल्लूला शिफारसीचं पत्र मिळालं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, हाताच्या हाडांचा फोटो झाला, आई-बापाच्या सह्या झाल्या. अंगातले बदल नुकते कुठे सुरू झाले होते. ते थोपवून धरणारं इंजेक्शन असतं, तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं. तेवढ्या उसंतीत मूल शांतपणे मोठं होतं, आणि आवाज, दाढी, खांदे दाराबाहेर ताटकळत राहतात. समितीनं हो म्हटलं की झालं. रांगेत उभं राहायचीसुद्धा गरज नव्हती. फाइल त्यानं स्वतःच पिशवीतून नेली, टाचली, शिक्का मारला.

आणि मग, बुधवारी पावणेबाराला, गठ्ठा बांधताना त्याचा हात थांबला.

एक बैठक जाऊ दे, तो मनात म्हणाला. दोन महिने म्हणजे काय मोठं. समितीनं हो म्हटलं, सुई टोचली, की मग घरातलं बोलणं घरात राहणार नाही. शाळा, शेजार, तिच्याकडे वळणाऱ्या माना. त्यानं या खिडकीतून पाहिल्या होत्या त्या माना. अजून थोडं थांबू. कदाचित तिचं तिलाच वेगळं वाटेल. त्यानं फाइल टेबलाच्या खालच्या खणात सरकवली, अर्धवट कागदांच्या पुठ्ठ्यात, आणि त्यावर दुसरा पुठ्ठा ठेवला.

दुसऱ्या बैठकीला हात थांबावा लागला नाही. तिसऱ्या बैठकीला तर त्यानं खणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी बायको विचारायची, “अहो, काय म्हणते तुमची समिती?”

“बघतायत. खूप फायली आहेत.”

“तुमच्याच दवाखान्यात तुमची ओळख चालत नाही, मग काय लोणचं घालायचं त्या नोकरीचं?” ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांना नीट दिसतंय ना विचारायची, आणि घरी तिला काही दिसत नव्हतं, कारण नवऱ्याकडे तिनं तशा नजरेनं कधी पाहिलंच नव्हतं. पिल्लू विचारायची नाही. फक्त बैठकीच्या गुरुवारी संध्याकाळी तो चपला काढत असताना दारात येऊन उभी राहायची. त्यानं नकाराची मान हलवली की परत जायची.

सगळ्यात वाईट हे, की त्याच दिवसांत असंच एक मूल घेऊन एक बाई खिडकीवर आली होती. कागद अपुरा होता, परत जायला निघाली. त्यानं तिला हाक मारून थांबवलं, स्वतःच्या हातानं अर्ज भरून दिला आणि म्हणाला, “ताई, वेळ घालवू नका. यात वेळ परत मिळत नाही.” ती डोळ्यांत पाणी आणून नमस्कार करून गेली.

न्हाणीघरातलं गाणं कधी थांबलं ते त्याला सांगता आलं नसतं. आधी मधेच अडखळलं असेल, मग खाली घसरलं असेल. त्याला आठवत होती ती नुसती पाण्याची धार.

आत्याच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी त्यानं खण उघडला. तो चौथ्या बैठकीच्या आदला बुधवारच होता. फाइल गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली. गुरुवारी मंजुरी आली. आवक शिक्का मात्र सहा महिन्यांपूर्वीचा होता. बदलता आला असता. शिक्का त्याच्याच खणात, शाई त्याच्याच टेबलावर. पण फाइल दडवणारा तो हात खोटी तारीख मारायला धजला नाही. माणसाचा प्रामाणिकपणा कुठे शिल्लक राहील, सांगता येत नाही.

आणि आज तिघं हार्मोन-ग्रंथींच्या डॉक्टरबाईंसमोर बसले होते. मध्ये पिल्लू, गळ्याशी ओढणी घट्ट गुंडाळून. उकाडा असूनही.

डॉक्टरबाईंनी तपासलं, फोटो पाहिला, मग चष्मा काढून सरळ पिल्लूशीच बोलल्या. “हे बघ, तुझ्यापासून काही लपवणार नाही. आवाज एकदा उतरला की या औषधानं तो वर चढत नाही. पुढचं मात्र आपण थांबवू शकतो. चेहऱ्याचं, खांद्यांचं. आवाजासाठी सराव असतो, शिकवणाऱ्या बाई आहेत आमच्याकडे. कष्टाचं काम आहे, पण होतं.”

पिल्लूनं मान डोलावली.

डॉक्टरबाई फाइलचं पहिलं पान उलटून परत त्याच पानावर आल्या. “एक मिनिट. हा अर्ज सहा महिन्यांपूर्वी आपल्याकडे आलाय? सगळे कागद पूर्ण होते. मग तीन बैठका हा होता कुठे?” त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “खिडकी चार तुमचीच ना?”

तो काही बोलायच्या आत त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली. “मावशी! जरा आत या.”

मावशी पदराला हात पुसत आल्या. पिल्लूकडे पाहून हसल्या. ती एवढीशी असताना बापाबरोबर खिडकीवर यायची, तेव्हा मावशींच्या मांडीवर बसायची. “माझे पिल्लू गं! केवढी झालीस!”

“मावशी, गठ्ठे तुम्हीच वर आणता ना? ही फाइल सहा महिने कुठे पडली होती?”

मावशींचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. “सहा महिने? या पोरीची?” त्या विचारात पडल्या. “बाई, मधे एकदा जिन्यात गठ्ठा सुटला होता माझ्या हातून. गुडघे म्हणजे नुसते जुने कडी-कोयंडे झालेत. सगळं वेचलं होतं मी, पण… राहिली असेल एखादी. माझ्याच हातून झालं असेल.” त्यांनी पिल्लूच्या डोक्यावरून हात फिरवला. “माफ कर गं बाळा.”

“मी लेखी कळवते वर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि तुमची तिघांची मी दवाखान्यातर्फे माफी मागते.”

एवढंच करायचं होतं त्यानं, गप्प बसायचं. मावशींच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. दोन शब्द ऐकून घेतील, एक कागद त्यांच्या नावावर लागेल. घरी जाऊन बायको दवाखान्याला शिव्या देईल, तोही देईल. सगळं शिवून निघत होतं. तो बघत होता तो फक्त पिल्लूच्या डोक्यावरचा मावशींचा हात, जुन्या फितींनी बोटांना चरे पडलेला.

“मावशींनी नाही,” तो म्हणाला.

आपलाच आवाज त्याला परका वाटला.

“फाइल त्यांच्याकडे गेलीच नव्हती. माझ्या खणात होती. मी ठेवली होती.”

“ठेवली होती म्हणजे?” डॉक्टरबाई.

“मुद्दाम.”

“भाऊ!” मावशी म्हणाल्या. त्या भिंतीला टेकल्या.

“मला वाटलं, थोडा वेळ देऊ तिला…” तो बोलत गेला आणि बोलता बोलताच त्याला कळलं की वेळ त्याच्या मालकीचा नव्हताच. तो पिल्लूच्या अंगात चालला होता, तिच्या गळ्यात, एकेक दिवस. तो थांबला. “भ्यालो मी,” एवढंच म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, “रोज विचारत होते मी तुम्हाला. रोज.” आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

“याची चौकशी होईल. कळतंय ना तुम्हाला?” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“हो.”

तेव्हा पिल्लूनं ओढणी सैल केली. बापाकडे वळली नाही, आईकडे नाही. डॉक्टरबाईंकडे सरळ पाहून, अकरा दिवसांनी, तोंड उघडलं.

“इंजेक्शन आज मिळेल का?”

तोच आवाज. खोल, जरा खरखरीत, मधेच फाटणारा. आत्या चुकली नव्हती. आपला आवाज आपण कधी समोरून ऐकत नाही. त्यानं तो आत्ता ऐकला, एका मुलीच्या ओठांतून, तिला नको असताना. आणि त्या आवाजात त्याच्यासाठी काहीच नव्हतं. राग नव्हता, क्षमा तर नव्हतीच. तिला तिच्या कामाचं विचारायचं होतं, तेवढं तिनं विचारलं.

“आजच,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आत्ताच.”

इंजेक्शनची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. “बूट बाहेर काढ गं राणी,” सिस्टर म्हणाल्या, “आणि एकच जण आत चालेल बरोबर.” पिल्लूनं आईचा हात धरला. दार मिटलं.

तो बाकावर बसला. मावशी समोरून खाली गेल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. त्यांनी मागे पाहिलं नाही. आतून सिस्टरचा आवाज येत होता: मांडी सैल सोड, दीर्घ श्वास घे, आता थोडं दुखेल, झालं, झालं.

दाराशी पिल्लूचे बूट घाईत काढलेले पडले होते, एक आडवा, एक उलटा. मांडीत सुई टोचलेली, लेकीला वाकता यायचं नाही. तो उठला. खाली गुडघे टेकून बसला, दोन्ही बुटांच्या नाड्या पार शेवटपर्यंत सैल केल्या, जिभा बाहेर ओढल्या आणि टाचा दाराकडे करून बूट शेजारी शेजारी मांडले. नुसता पाय सरकवला की झालं.

दार उघडलं. पिल्लू लंगडत आली. बूट पाहिले. त्यांच्यापुढे वाकून बसलेला बाप पाहिला. त्यानं खांदा थोडा पुढे केला, तिला धरता येईल असा.

तिनं तळवा भिंतीवर टेकला आणि एक पाय बुटात घातला. मग श्वास घेऊन तशीच उभी राहिली.

तो खांदा पुढे करून तसाच बसून राहिला. दुसरा बूट अजून घालायचा होता.