फंडाचा तापतक्ता

टक्! फ्रिजवर लोहचुंबक बसलं आणि दुपारची शांतता मोडली. सुनेची लहान मुलगी आत निजली होती. सून तोंडात टाचण्या धरून एका फ्रॉकची कड दुमडत बसली होती.

"पेशंट आजही छान," सासूबाईंनी जाहीर केलं.

"हं," सून टाचण्यांमधूनच म्हणाली.

पेशंट म्हणजे सुनेचा म्युच्युअल फंड. शिवणाच्या पैशातून ती दरमहा हजार त्यात टाकायची, ओव्हरलॉकचं स्वतःचं मशीन घ्यायचं म्हणून. कपड्यांच्या कडा पक्क्या करायला सध्या कोपऱ्यावरच्या ओव्हरलॉकवाल्याचे पाय धरावे लागत. तो "उद्या या ताई" इतक्या गोड आवाजात म्हणायचा, की भांडायचीही चोरी.

फोन बघायला हात रिकामे नसत, म्हणून युनिटची, म्हणजे फंडातल्या एका हिश्श्याची, किंमत रोज टिपायचं काम तिनं सासूबाईंवर सोपवलं होतं. सासूबाई निवृत्त नर्स. तीस वर्षं अख्खा वॉर्ड धाकात ठेवलेला. नुसतं टिपणं त्यांना कुठलं पटायला? त्यांनी पट्टीनं चौकटी आखून फ्रिजवर तक्ताच लावला. रोज एक ठिपका, ठिपक्याला ठिपका जोडून रेघ.

पाणी प्यायला सून उठली आणि आज पहिल्यांदाच तिनं ती रेघ नीट पाहिली. घसरगुंडीसारखी थेट खाली.

"अहो आई, हे खाली चाललंय!"

"मग! तीन आठवडे एकदाही चढू दिला नाही."

"हा ताप नाहीये! हा वर जायला हवा!"

सासूबाईंनी चष्मा पुसला. "किती वर?"

"जाईल तेवढा."

"असला पेशंट उभ्या नोकरीत पाहिला नाही बाई."

सुनेनं घाईघाईनं फोन उघडला. भरलेले अकरा हजार, दिसत होते दहा हजार दोनशे तेरा. अंगठा 'पैसे काढा'वर गेला, तोच सासूबाईंनी नाडी बघावी तसं तिचं मनगट धरलं.

"थांब. घाबरलेल्या नातेवाइकाला मी कधी निर्णय घेऊ दिला नाही. हा कमावतो कसा, ते आधी सांग."

"माझ्यासारख्या हजारो लोकांचे पैसे एकत्र करतात," सून रडवेली होऊन सांगू लागली. "एक जाणकार माणूस त्यातून पन्नास-साठ कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतो. त्याची फी कापून घेतात. कंपन्यांनी नफा कमावला, त्या वाढल्या, की शेअरची किंमत वाढते. काही जणी नफ्यातला वाटाही देतात. मग माझं युनिट महाग होतं."

"आता काय, त्या कंपन्या बंद पडल्या?"

"छे हो! साबणवाली साबण करतेच आहे."

"म्हणजे वॉर्ड चालू आहे. परवा तुझा पुढचा हप्ता ना? हजारात काय मिळेल?"

सुनेनं बोटांवर हिशेब केला. "आधी पन्नास युनिटं यायची. आता जवळजवळ चोपन्न." म्हणता म्हणता तिचाच आवाज खाली आला. कापड स्वस्त झालं म्हणून घरातलं कापड कोणी मातीमोलानं विकून टाकतं का?

"बरा होईल ना गं?"

"लिहून कोणी देत नाही, आई. पण मशीन चार वर्षांनी घ्यायचंय. तोवर थांबता येईल." तिनं फोन पालथा ठेवला.

"मग डिस्चार्ज नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तक्ता काढला, आडव्याचा उभा करून पुन्हा टक् लावला आणि मागे सरून समाधानानं पाहिलं. "बघ आता, कसा चढतोय!"

सुनेला इतकं हसू आलं की तिला खालीच बसावं लागलं.

दारात मुलगी उभी होती, केस विस्कटलेले, उशी काखेत. तिनं बहुतेक सगळंच ऐकलं होतं.

"आई, तू अकरा हजार दिलेस?"

"हो गं राणी."

"आणि आता दहाच आहेत?"

"दहा हजार दोनशे तेरा," आजीनं दुरुस्ती केली.

मुलगी आईच्या मांडीत शिरली. थोडा वेळ तिनं चढत्या रेघेकडे पाहिलं.

"मग बाकीचे आत्ता कोणाकडे आहेत?"