हिरडीतलं कुसळ

रुग्णवाहिकेच्या फोनवर बसणाऱ्या वहिनींची बोटं तोंडात कधी जात, हे त्यांनाही कळत नसे. पत्ता विचारायचा, गाडी धाडायची, समोरच्याला धीर द्यायचा. गाडी दारात पोचली की फोन बंद. पुढे माणूस वाचलं की गेलं, कुणी सांगत नसे. मग नखं कुरतडणं सुरू. सवय मोडावी म्हणून नेलपॉलिश लावून पाहिलं, तेही पोटात गेलं.

त्या दुपारी एका आजींना धाप लागली होती. शेजारीण फोनवर रडत होती.

"त्यांना बसतं करा, पाठीला उशी द्या," वहिनी सांगत होत्या आणि अंगठ्याचं नख चावत होत्या. कट्‌कन आवाज झाला. जिभेवर खडा आला. पुढच्या दाताचा कोपरा! तो गालात सरकवून त्या बोलत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी नणंदेचा दवाखाना गाठला. नणंद दातांची डॉक्टर.

"वहिनी, नखं खाता?"

"छे! काहीतरीच. बदाम फोडत होते."

नणंदेने आरसा आत घातला. दातांच्या कडा झिजलेल्या, तोंड उघडताना जबडा कटकटत होता, खालची हिरडी लालबुंद सुजलेली. चिमट्याने तिने हिरडीतून काहीतरी उपसून कापसावर ठेवलं. नखाचं कुसळ होतं, वर लाल रंग.

"बदामाला रंग बरा लावता हो!"

वहिनी हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "त्या आजींचं काय झालं कोण जाणे. डोक्यातून जातच नाहीत गं."

"मग विचारा की कुणाला! दात मी भरते, पण नखं खाल्लीत तर हाही तुटेल."

दुसऱ्या दिवशी वहिनी खाली गाड्यांपाशी गेल्या. ड्रायव्हर काच पुसत होता.

"कालच्या धापवाल्या आजी?"

"ठणठणीत! रस्ताभर 'हळू चालव मेल्या' म्हणून माझा उद्धार करत होत्या."

वहिनींना हसू आवरेना. वर आल्या तर फोन वाजतच होता.

"लवकर या, माझा भाऊ उठत नाहीये!"

पत्ता घेता घेता हात ओठांशी गेला. त्यांनी तो मांडीखाली दाबला. गाडी पोचली, फोन बंद झाला.

"ही गाडी परतली की मला हाक मार," त्या शेजारच्या सहकारिणीला म्हणाल्या, आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून खिडकीशी येरझारा घालू लागल्या.