मधल्या जागेवरचा रुमाल

ऋषीला धड खोटं बोलता येत नसे आणि खरं बोलवत नसे. अशा माणसांना जग भिडस्त म्हणतं आणि त्यांचं कौतुक करतं. पण खरा त्रास त्यांच्या घरच्यांना होतो, कारण ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या तळ्यात-मळ्यात त्यांना वर्षानुवर्षं उभं राहावं लागतं.

त्याच्या आईवडिलांना, म्हणजे नागपूरच्या गुरुनाथ आणि मीनाक्षी यांना, असं उभं राहून सात वर्षं झाली होती. ऋषी अमेरिकेतल्या कॅरी गावात राहायचा. त्याचं लग्न झालं होतं आणि तीन वर्षांत, फारशी भांडाभांडी न होता, मोडलंही होतं. आता दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये तो एकटा असे. रविवारी कुकर लावून बुधवारपर्यंत तेच वरण खाई. ग्रीन कार्डच्या रांगेत तो इतका मागे होता की पुढचं टोक दिसतही नव्हतं. पासपोर्टवरचा व्हिसा केव्हाच संपला होता. तिथेच राहिला तोवर नोकरी होती, घर होतं, सगळं कायदेशीर होतं. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला नवा शिक्का हवा, आणि तो कधी मिळेल हे कोणी छातीठोक सांगत नव्हतं. कंपनीचा वकील एवढंच म्हणाला होता, “जाणं तुझ्या हातात आहे. येणं नाही.”

मग आईवडिलांनी यावं, तर बाबांचा व्हिसा एकदा नाकारला गेला होता. दूतावासाच्या खिडकीतल्या पोराने दोन मिनिटांत कागद परत सरकवले, ते बाबांना फार लागलं. “पोटच्या पोराकडे जायला परीक्षा देणार नाही मी,” असं जाहीर करून त्यांनी तो विषय संपवला. आईने बरंच समजावून पाहिलं, पण नागपूरच्या उन्हात तापलेलं डोकं सहसा निवत नाही.

यावर तोडगा निघाला तो युरोपचा. एका टूर कंपनीबरोबर अडतीस जणांचा गट बारा दिवस फिरणार होता आणि त्यात दोघांनी नावं घातली. फोनवर आई सहज म्हणाली, “झुरिच तुला जवळ पडत असेल ना रे?” आणि ऋषी म्हणाला, “बघतो. दोन दिवस येतो मी.” त्या क्षणी त्याला ते खरंच वाटत होतं. मग वकिलाशी बोलणं झालं, आणि नाही म्हणायचं काम त्याने आज नको, उद्या, असं करत चार महिने पुढे ढकललं. गट पॅरिसला उतरला तेव्हा कुठे त्याने मेसेज टाकला, ‘आई, जमणार नाही बहुतेक.’ आईने त्यातलं ‘बहुतेक’ तेवढं वाचलं.

मनाला लागून राहिलं, म्हणून त्याने आणखी एक उद्योग केला. व्हिएन्नाहून झुरिचला जायच्या विमानात त्याने दोघांची तिकिटं बिझनेस क्लासची करून टाकली. टूर मॅनेजर परीक्षितला फोन करून सगळं जमवलं आणि आईला लिहिलं, ‘व्हिएन्नाच्या विमानात एक सरप्राइज आहे.’

आता युरोपातल्या छोट्या प्रवासाचा बिझनेस क्लास म्हणजे काय, हे ऋषीइतकं कोणाला माहीत असणार? विमान कंपन्यांसाठी प्रवाशांना सीटा वाटून देणारं सॉफ्टवेअर त्याचीच कंपनी बनवत होती. तिथे आडवं पडायला पलंग नसतो. खुर्ची तीच, मागच्या लोकांना मिळते ती, आणि गुडघेही तितकेच अडतात. पडद्याच्या पुढे बसायचं, काचेच्या ताटलीत खायचं आणि तिघांच्या रांगेत मधली जागा रिकामी ठेवायची, एवढाच काय तो थाट. ती मधली जागा कोणालाच मिळू नये हा नियम ऋषीने स्वतःच्या हाताने लिहिला होता. तशा विमानात तो स्वतः कधी बसला नव्हता. दोघांना जरा हातपाय पसरता येतील, चार लोकांत बाबांची मान ताठ होईल, एवढाच विचार त्याने केला. रिकामी जागा आईला कशी दिसेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

कॅरीत सकाळचे दहा वाजत आले होते. टीमची रोजची मीटिंग चालू असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. ऋषीने कट केला. पुन्हा आला. मग तो “सॉरी, फॅमिली” असं पुटपुटत उठला आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसला.

“अरे, किती सुंदर आहे रे!” आईचा चेहरा स्क्रीनभर पसरला होता. “आम्हाला सगळ्यांच्या आधी आत घेतलं. गरम टॉवेल दिला तोंड पुसायला. बाबांनी मानही पुसून घेतली.”

“आवडलं ना?” ऋषी म्हणाला. त्याला खरोखर बरं वाटलं.

“आवडलं म्हणजे काय! हे बघ.” तिने फोन फिरवला. खिडकीपाशी बाबा होते, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून, फोटोला बसल्यासारखे. मधल्या सीटवर आईचा फिकट निळा रुमाल पसरलेला होता, चारही कोपरे नीट ओढून. त्यावर पाण्याची एक छोटी बाटली आणि स्टीलचा डबा.

“हे काय?”

“तुझी जागा. धरून ठेवली आहे. आमच्या गटातल्या शरयूताई मागून आल्या आणि म्हणाल्या, इथे रिकामं दिसतंय, बसू का? मी म्हटलं, नाही हो, येणार आहे माणूस. पाणी वाटायला आली ती मुलगी, तिला तीन बोटं दाखवली. डब्यात भाकरवडी आहे. नागपूरहून तुझ्या वाटणीची वेगळी ठेवली होती, कोणाला हात लावू दिला नाही.”

ऋषीला आधी काही कळेचना. मग कळलं. सरप्राइज, मधे मोकळी जागा, दोन्ही बाजूंना आईबाप. नागपूरच्या बाईने एसटीत, नाटकाला, लग्नाच्या पंगतीत आयुष्यभर रुमाल टाकून जागा धरली. मधे एक खुर्ची सोडून नवराबायकोला बसवलं, तर ती खुर्ची कोणाची हे तिला वेगळं सांगावं लागतं का?

“आई,” तो म्हणाला.

“बोलू नकोस, मला कळलंय. तुझ्या बाबांनाही सांगितलंय मी. तू गेटवर आहेस की बसमध्ये? लोक संपत आले आता.”

बोलता बोलता तिची नजर सारखी दाराकडे जात होती. कोणी उंच, चष्मेवाला, पाठीवर सॅक घेतलेला आत आला की ती सीटवरून अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची. ऋषीने ते तीनदा पाहिलं. फ्लाइट चुकली म्हणावं, ट्रॅफिक म्हणावं, पुढच्या विमानाने येतो म्हणावं, सगळी वाक्यं तोंडाशी आली होती. पुढच्या विमानाने म्हटलं असतं तर ती झुरिचला दाराशी उभी राहिली असती.

एवढ्यात बाबांनी हात लांब करून फोन घेतला. “ऋषी, दार लावतील आता. किती लांब आहेस?”

“बाबा, मी कॅरीत आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसलोय.” त्याने तसंच पुढे रेटलं. “मी निघालोच नाही. मला येता येणारच नव्हतं. चार महिन्यांपासून माहीत होतं मला. सांगायची हिंमत झाली नाही.”

बाबांनी चष्मा काढला, मधल्या सीटकडे पाहिलं, चष्मा परत लावला. आईचा फक्त हात दिसत होता. तो डब्याच्या झाकणावर होता.

“मग एवढी जागा काऊन घेतली?” बाबांनी विचारलं. त्यांना खरोखर कळलं नव्हतं.

“ती मी नाही घेतली बाबा. त्या क्लासमध्ये मधली जागा तशीच ठेवतात. कोणालाच देत नाहीत.”

“विमान भरलं तरी?”

“भरलं तरी.”

“म्हणजे लोक जास्त पैसे भरतात, ते मधे कोणी बसू नये म्हणून?”

“हो, बाबा.”

बाबांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. वीज मंडळातल्या नोकरीत हिशेब तपासताना एखादी रक्कम उगाच दिलेली सापडावी, तसे ते म्हणाले, “असं तर सात वर्षांपासून आम्ही घरीच बसतो रे. त्यासाठी विमान कशाला पाहिजे?”

“अहो, असं बोलतात का पोराला,” आईचा आवाज आला, अगदी हळू.

“खोटं बोललो का मी?”

मागून एका मुलीने इंग्रजीत फोन बंद करायला सांगितलं. आईने बाबांच्या हातून फोन घेतला आणि बंद केला.